परग्रहावरचा पाहुणा आणि ख्रिस्ती घर



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे आता महागाई भत्ता आणि बोनस यांचे दळण सुरू होणार, अशी तुमची समजूत असणे साहजिक आहे. चिटणिसांचीही तीच होती. मी विषय कळवला तेव्हा त्यांनी दोन वेळा फोन करून खात्री करून घेतली. माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंत झाले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीशेजारच्या वाचनालयात झाले आणि इंग्रजी मी औद्योगिक न्यायालयाची निकालपत्रे वाचता वाचता शिकलो. अशा माणसाने ख्रिस्ती कुटुंबाने कोणता चित्रपट पाहावा ह्यावर बोलावे, हे थोडे आगाऊपणाचेच आहे. पण हा प्रश्न मी होऊन शोधला नाही. तो माझ्या दारात आला.

आमच्या युनियनमध्ये एक फिटर आहेत. ख्रिस्ती आहेत, मूळचे नगर जिल्ह्यातले. हाताला यश असलेला माणूस, बोलणे मोजके. एके दिवशी पाळी सुटल्यावर कचेरीत येऊन बसले आणि म्हणाले, "भाऊ, एक विचारायचे होते. आमच्या मंडळीतल्या तरुणांनी मुलांना एक जुना इंग्रजी पिक्चर दाखवायचे ठरवले आहे. परग्रहावरून माणूस येतो, मरतो आणि पुन्हा उठतो. वडीलधाऱ्यांपैकी एकजण म्हणतात, ही प्रभूची थट्टा आहे, मुलांना दाखवू नका. तरुण म्हणतात, करमणूक आहे, त्यात काय? माझी दोन पोरे जायला निघाली आहेत. मी काय सांगू?"

मी म्हटले, "हे तुमच्या पाळकसाहेबांना विचारा. मला काय कळते त्यातले?"

ते म्हणाले, "त्यांनाही विचारीन. पण तुम्ही करार वाचता. मालकाच्या वकिलाने बारीक अक्षरात लिहिलेले कलम तुम्हाला बरोबर सापडते. हेही तसेच वाचून सांगा."

असे म्हटल्यावर नाही कसे म्हणायचे? मी तो चित्रपट तीनदा पाहिला आणि त्याच्याविषयी मिळेल ते वाचले. त्यातून जे हाती आले, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

चित्रपटाचे नाव 'द डे द अर्थ स्टूड स्टिल'. म्हणजे ज्या दिवशी पृथ्वी थबकली. तो अमेरिकेत १९५१ साली निघाला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, पटकथा एडमंड नॉर्थ यांची. कोरियाचे युद्ध चालू होते, अणुबाँबचे भय प्रत्येक घरात शिरले होते आणि शेजारी रशियाचा हेर तर नसेल, अशी शंका माणसे एकमेकांविषयी घेत होती, तो हा काळ. २००८ साली ह्याच नावाने पुन्हा एक चित्रपट काढण्यात आला. त्याच्याविषयी मी बोलणार नाही, कारण त्यात आवाज पुष्कळ आणि बोलणे थोडे आहे.

कथा अशी. वॉशिंग्टन शहराच्या मध्यभागी एक तबकडीसारखे यान उतरते. त्यातून क्लाटू नावाचा, दिसायला अगदी तुमच्याआमच्यासारखा माणूस बाहेर येतो. तो हातातली एक वस्तू पुढे करतो आणि घाबरलेला एक सैनिक गोळी झाडतो. ती वस्तू म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षांसाठी आणलेली भेट असते. दुसऱ्या ग्रहांवरचे जीवन तिच्यातून पाहता आले असते. भेट मोडून पडते. यानातून गॉर्ट नावाचा धातूचा अवाढव्य यंत्रमानव उतरतो. त्याच्या तोंडावरची झडप वर होते, आतून प्रकाश निघतो आणि समोरच्या बंदुका आणि रणगाडे नाहीसे होतात. क्लाटूला इस्पितळात नेतात. त्याला साऱ्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींशी एकत्र बोलायचे आहे. पण बैठक कुठे घ्यायची ह्यावरच राष्ट्रांचे एकमत होत नाही. मंडळी, बोलणी विषयावर मोडत नाहीत, खुर्च्या कुठे मांडायच्या ह्यावर मोडतात, हा अनुभव मला नवा नाही. तिथे मला पहिल्यांदा वाटले, हा लिहिणारा जाणता आहे.

क्लाटू इस्पितळातून निसटतो आणि एका खाणावळवजा घरात भाडेकरू म्हणून राहतो. तिथे हेलन नावाची विधवा आणि तिचा मुलगा बॉबी राहतात. बॉबीचा बाप महायुद्धात पडलेला. मुलगा पाहुण्याला बापाची कबर दाखवायला नेतो आणि समोर पसरलेल्या हजारो कबरी पाहून पाहुणा गप्प होतो. पुढे तो एका शास्त्रज्ञाला भेटतो आणि त्याच्या सल्ल्याने जगाला आपली शक्ती दाखवतो, पण कोणाला इजा न करता. अर्धा तास साऱ्या पृथ्वीवरची वीज बंद. गिरण्या, मोटारी, आगगाड्या, सारे थांबते. फक्त इस्पितळे आणि आकाशात असलेली विमाने वगळलेली. मला तर हसूच आले. अत्यावश्यक सेवा वगळून पुकारलेला इतका शिस्तबद्ध सार्वत्रिक संप मी तरी दुसरा पाहिलेला नाही!

शेवटी हेलनचा होणारा नवरा स्वतःच्या मोठेपणासाठी फितूर होतो आणि क्लाटू गोळीला बळी पडतो. मरण्यापूर्वी त्याने हेलनला तीन शब्दांचा निरोप सांगून ठेवलेला असतो, तो ती गॉर्टला जाऊन सांगते. गॉर्ट त्याचे प्रेत आणून यानातल्या यंत्रावर ठेवतो आणि तो उठतो. मग यानाच्या दारात उभा राहून तो जमलेल्या शास्त्रज्ञांना भाषण करतो आणि निघून जातो. त्या भाषणाकडे मी नंतर येतो. ते बारीक अक्षरातले कलम तिथेच आहे.

आता वडीलधाऱ्यांची तक्रार पाहू. ती अगदी निराधार नाही. क्लाटू अंगावर घालतो तो कोट दुसऱ्याचा असतो आणि त्यावरच्या चिठ्ठीवरचे नाव तो स्वतःचे म्हणून सांगतो. ते नाव कार्पेंटर, म्हणजे सुतार. वरून येतो, शांतीचा निरोप आणतो, सामान्य माणसांत राहतो, फितुरीने मारला जातो, उठतो आणि वर जातो. हे योगायोगाने झालेले नाही. पटकथाकार नॉर्थ यांनी नंतर कबूल केले की ही जुळणी त्यांनी मुद्दाम केली होती आणि ती आपल्यापुरती ठेवली होती. गंमत अशी की, दिग्दर्शक वाइज यांना ती कळलीच नाही; दुसऱ्या कोणी दाखवून दिल्यावर त्यांच्या ध्यानात आले.

पण एका कचेरीच्या ध्यानात काहीतरी आले होते. ही कचेरी कोणती ते सांगायला हवे, कारण ख्रिस्ती कुटुंबांसाठी चित्रपट पारखण्याचे एवढे मोठे काम जगात दुसरीकडे क्वचितच झाले असेल. १९३० साली हॉलिवुडच्या चित्रपटधंद्याने स्वतःसाठी एक आचारसंहिता स्वीकारली. ती लिहिण्यात डॅनिएल लॉर्ड ह्या जेझुइट धर्मगुरूंचा मोठा हात होता. पहिली काही वर्षे ती कागदावरच राहिली. मग १९३३ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी 'लीजन ऑफ डीसेन्सी' उभी करण्याचे ठरवले आणि १९३४ मध्ये लक्षावधी माणसांनी अनीतीचे चित्रपट पाहणार नाही अशी प्रतिज्ञा केली. पुढे दर वर्षी देवळात उभे राहून ती पुन्हा म्हटली जाई. चित्रपटांचे अ, ब, क अशा धर्तीचे वर्ग लावले जात. शेवटचा वर्ग म्हणजे निषिद्ध. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी ह्या कामाची परिपत्रकातून वाखाणणी केली. धंदेवाल्यांनी घाबरून १९३४ मध्येच आचारसंहितेची अंमलबजावणी जोसेफ ब्रीन ह्या कॅथलिक गृहस्थांच्या हाती दिली आणि १९५४ पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, ते त्या खुर्चीत होते.

एक संघटक म्हणून मी ह्या लोकांपुढे टोपी काढतो. सरकार नाही, कायदा नाही, केवळ तिकीट न काढण्याच्या बळावर त्यांनी कोट्यधीश चित्रसंस्थांना वाकवले. खपावर बहिष्कार टाकणे म्हणजे काय, हे त्यांच्यापासून आपण शिकावे. तेव्हा मी त्यांची थट्टा करायला उभा नाही. माझी तक्रार त्यांच्या ताकदीबद्दल नाही, त्यांच्या मोजपट्टीबद्दल आहे.

ब्रीन यांच्या कचेरीने ह्या चित्रपटात हरकत घेतली ती क्लाटूच्या उठण्याला. मेलेल्याला जिवंत करण्याची शक्ती यंत्राच्या हाती कशी? मग तडजोड म्हणून एक वाक्य घालण्यात आले. हेलन विचारते की, ह्या यंत्रमानवाच्या हाती जन्ममरणाची सत्ता आहे काय. त्यावर क्लाटू सांगतो की नाही, ती सत्ता त्या सर्वशक्तिमान आत्म्याचीच. हे यंत्र फक्त काही काळापुरता जीव परत आणू शकते, आणि तो किती काळ हे कोणाला सांगता येत नाही. एका वाक्यात देवाचा हक्क मान्य झाला आणि चित्रपट मोकळा झाला. मालक मंडळी असेच करतात. कराराच्या प्रस्तावनेत कामगारांच्या कल्याणाचे एक गोड वाक्य घालून देतात आणि आमच्यातले काही तेवढ्यावर सही करतात.

वाक्य काढणे, वाक्य घालणे, दृश्य कापणे ह्या पद्धतीचा परिणाम कधी कधी कसा उलटा होतो, त्याचे एक उदाहरण देतो. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये तो कृत्रिम राक्षस तळ्याकाठी एका लहान मुलीबरोबर पाण्यात फुले टाकत खेळतो. फुले तरंगतात, फुले संपतात, मुलगीही तरंगेल अशा भाबड्या समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो आणि ती बुडते. काही वर्षांनी तो चित्रपट पुन्हा दाखवताना हे दृश्य कापले गेले. राक्षसाचे हात मुलीकडे जातात इथे चित्र तुटते आणि पुढे बाप तिचे प्रेत घेऊन गावातून चाललेला दिसतो. मधल्या तुटीत प्रेक्षकाच्या मनात काय काय भरले असेल, त्याची कल्पना करा! मूळ दृश्यात अजाणपणाची शोकांतिका होती. कात्रीने ती कितीतरी घाण करून ठेवली.

आता त्या भाषणाकडे येऊ.

क्लाटू सांगतो ते थोडक्यात असे. आमच्या ग्रहांनी युद्ध संपवले आहे. कसे? तर गॉर्टसारख्या यंत्रमानवांचे एक पोलीसदल आम्ही निर्माण केले आणि आक्रमणाच्या बाबतीत त्यांना आमच्यावर संपूर्ण सत्ता दिली. ती परत घेता येत नाही. हिंसेचे चिन्ह दिसताच ते आपोआप कारवाई करतात आणि त्यांना डिवचण्याचे परिणाम इतके भयंकर आहेत की कोणी धजत नाही. तुम्ही आपसात काय करता ह्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. पण तुमची हिंसा पृथ्वीबाहेर आली, तर तुमची पृथ्वी जाळून राख करू. आमच्यात या, नाहीतर नष्ट व्हा. निवड तुमची.

उठण्याच्या दृश्यावर त्या कचेरीत खल झाला. ह्या भाषणात शेवटी शांतीचा दाता म्हणून यंत्रमानव उभा केला आहे, त्यावर मात्र एखादे वाक्य घालून घेतल्याचे माझ्या वाचनात आले नाही. आणि मला विचाराल तर ख्रिस्ती आईबापांनी थांबायला हवे ते इथे.

मी ख्रिस्ती नाही, पण शुभवर्तमाने वाचलेली आहेत. वाळवंटात सैतान जगातली सारी राज्ये देऊ करतो, ती येशू नाकारतो. लोक आकाशातून चिन्ह दाखव म्हणतात, ते तो दाखवीत नाही. पकडायला आलेल्यांवर शिष्याने तलवार उपसली तर तो ती म्यान करायला लावतो. क्लाटूने सुताराचे नाव घेतले, पण ह्या तिन्ही ठिकाणी तो उलट वागतो. आकाशातून चिन्ह दाखवतो, तलवार गॉर्टच्या हाती देतो आणि राज्ये धाकाने एकत्र आणतो. तेव्हा ही प्रभूची नक्कल आहे ही वडीलधाऱ्यांची हरकत मला अपुरी वाटते. नक्कल पुरती झालेली नाही, आणि जिथे ती सुटली आहे तेच मुलांना दाखवण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती विचारात राजदंडाला जागा नाही काय? आहे. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात अधिकाऱ्याच्या हातच्या तलवारीचा उल्लेख आहेच. पण तो अधिकारी माणूस आहे. त्याला देवापुढे जाब द्यायचा आहे, आणि त्याच्यापुढे पदर पसरता येतो. गॉर्टपुढे दयेचा अर्ज करता येत नाही. त्याची चूक झाली तर अपील कुठे करणार?

भयाची शांतता म्हणजे काय, ते मी पाहिलेले आहे. वीसएक वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी प्रथम गेलो, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकाने अभिमानाने सांगितले, "आमच्याकडे तीन वर्षांत एक मिनिटाचा संप नाही, एक तक्रारअर्ज नाही." खरे होते ते. जो बोलेल त्याला दुसऱ्या दिवशी गेट बंद, एवढा एकच नियम होता. आत पॉवर प्रेसच्या खात्यात एका मशीनचे संरक्षक कवच कित्येक महिने तुटलेले होते. मशीनवरच्या प्रत्येकाला ते ठाऊक होते, सुपरवायझरला ठाऊक होते. कोणी बोलले नाही. कंत्राटातल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाची दोन बोटे गेली. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो हात पाठीमागे लपवून बसला होता आणि त्याची आई मला पुनःपुन्हा विनवत होती की, साहेबांना काही सांगू नका, त्याच्या भावाची नोकरी आहे तिथे. त्या कारखान्याच्या कागदपत्रांत शांतताच होती.

अवांतर होईल, पण सांगतो. 'रोबो' हा शब्द जगाला दिला तो कारेल चापेक ह्या झेक लेखकाने, १९२० साली लिहिलेल्या नाटकातून. शब्द सुचवला त्याच्या भावाने. झेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. आपल्या वेठबिगाराचा तो चुलतभाऊ. पण चापेकचा रोबो वेठीचा कामगार होता. तीस वर्षांत हॉलिवुडमध्ये तो मुकादम होऊन आला. ज्या गोष्टीवरून हा चित्रपट घेतला, ती हॅरी बेट्स यांची १९४० ची कथाही शेवटी हेच उघड करते की, त्या जोडीत धनी माणूस नसून यंत्र आहे.

अजून एक गोष्ट मला सोडून देता येत नाही. शास्त्रज्ञाची भूमिका करणारे सॅम जॅफ यांच्यावर त्या दिवसांत डाव्या विचारांचा संशय होता. ह्या चित्रपटानंतर काळ्या यादीमुळे त्यांना बरीच वर्षे हॉलिवुडात काम मिळाले नाही. पडद्यावर जगातल्या विचारी माणसांना एकत्र बोलावणारा म्हातारा, आणि पडद्यामागे त्याचेच गेट बंद!

परग्रहावर माणसे असली तर ख्रिस्ती श्रद्धेचे काय होईल, ह्या भीतीत मला फारसा अर्थ वाटत नाही. सी. एस. लुईस यांच्यासारख्या श्रद्धावान लेखकाने १९५८ साली ह्याच प्रश्नावर निबंध लिहून दाखवले आहे की, असे प्राणी असले तरी ते आपल्यासारखे पतित असतीलच असे नाही, आणि प्रश्न उठण्याआधी उत्तराची घाई नको.

हे सारे मी फिटरांना सांगितले आणि म्हटले, दाखवा. अगदी लहानांना नको. गॉर्टची झडप उघडते तेव्हा जो विचित्र कापरा सूर वाजतो त्याने ती रात्री दचकतील. दहाबारा वर्षांच्या पुढच्यांना दाखवा. पण सोबत बसा, आणि त्या उठण्यावर वाद घालून थांबू नका, शेवटच्या भाषणापर्यंत या. आणखी एक सांगितले. क्लाटू म्हणतो, यंत्रमानवाला आवरता येत नाही. पण चित्रपटातच त्याला आवरलेले आहे. दोन पहारेकऱ्यांना नाहीसे करून गॉर्ट हेलनवर चाल करून येतो. ती मागे पडते, शब्द फुटत नाहीत, शेवटी कसाबसा निरोप उच्चारते आणि तो थांबतो. एका घाबरलेल्या बाईच्या तोंडी पृथ्वी वाचवण्याचा निरोप ठेवणारा लेखक आपल्या शेवटच्या भाषणावर स्वतः तरी पुरता विश्वास ठेवीत होता काय?

त्यांनी मला त्या रविवारी घरीच बोलावले. उपासनेहून आल्यावर टीव्हीवर चित्रपट लावला. इंग्रजी संवाद अडले की ते आणि थोरली मुलगी मिळून मराठीत सांगत होती. संपल्यावर बारा वर्षांच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला. मला वाटले होते, उठण्याबद्दल विचारील. तो म्हणाला, "पप्पा, गॉर्टला क्षमा करता येते का?"

वडील काही बोलले नाहीत. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "त्या बाईचे ऐकले की रे त्याने."

थोरली म्हणाली, "ऐकले, पण ते तिचे शब्द नव्हते. तिला पाठ करून दिलेले होते. ती आपल्या मनाने काही बोलली असती तर थांबला असता का?"

यावर तिघांचे सुरू झाले. मुलगा म्हणे थांबला असता, थोरली म्हणे जाळून टाकले असते. आई म्हणाली, ते तीन शब्द तरी कोणाचे? ज्याला मारले त्याचेच ना? स्वतःला मारणाऱ्यांसाठी त्याने ते ठेवून दिले होते. तेव्हा वडिलांनी रिमोट उचलला आणि म्हणाले, "तो भाग परत लावू. नीट बघू, ती नक्की कशी म्हणते ते."

मला दुसऱ्या पाळीच्या गेटसभेला जायचे होते. चहा संपवून मी उठलो, तेव्हा हेलन त्या यानाकडे निघाली होती आणि त्या घरातले चौघेही पडद्याजवळ सरकून बसले होते.